बालरुग्णालयांतील नैतिकता समिती

बालरुग्णालयांतील नैतिकता समिती ही आजारी बालकांच्या उपचारांत उद्भवणाऱ्या नैतिक पेचांवर विचारविनिमय करून उपचार करणाऱ्या चमूला, पालकांना आणि शक्य तेथे स्वतः बालकाला सल्ला देणारी बहुविद्याशाखीय समिती होय. डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, कायदेतज्ज्ञ, नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि रुग्णालयाशी संबंध नसलेले सामान्य नागरिक हे तिचे सदस्य असतात. रुग्णालयांत ती ‘एथिक्स कमिटी’ या नावाने अधिक परिचित आहे. समितीचे मत सामान्यतः सल्लागार स्वरूपाचे असते. उपचारांची जबाबदारी डॉक्टरांकडे आणि संमतीचा अधिकार पालकांकडे राहतो.

प्रौढ रुग्ण स्वतःच्या उपचारांविषयी स्वतः निर्णय घेऊ शकतो. बालकाच्या बाबतीत निर्णय घेणारे आणि त्या निर्णयाचे परिणाम भोगणारे वेगवेगळे असतात. नवजात अर्भक तर आपले मत कोणत्याही प्रकारे व्यक्त करू शकत नाही. अशा वेळी पालक आणि डॉक्टर या दोघांचेही म्हणणे ऐकून ‘या बालकाचे हित कशात आहे’ हा प्रश्न मध्यभागी ठेवणे, हे या समितीचे मुख्य प्रयोजन मानले जाते.

स्वरूप व प्रकार

‘नैतिकता समिती’ ही संज्ञा दोन वेगळ्या प्रकारच्या समित्यांसाठी वापरली जाते.

संशोधन नैतिकता समिती – ही समिती मानवी सहभाग असलेल्या संशोधनाचे व औषधचाचण्यांचे प्रस्ताव तपासते. तिच्या मंजुरीवाचून संशोधन सुरू करता येत नाही. म्हणजेच तिचा निर्णय बंधनकारक असतो. भारतासह अनेक देशांत अशा समित्या कायद्याने आवश्यक आहेत.

रुग्णसेवा नैतिकता समिती – ही समिती प्रत्यक्ष उपचार घेणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या संदर्भातील पेच हाताळते. तिचे मत बहुधा बंधनकारक नसते. प्रस्तुत लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

दोन्ही समित्यांचे सदस्य काही वेळा समान असले, तरी त्यांच्या कामाची गती आणि दृष्टी भिन्न असते. संशोधन समितीपुढे लेखी प्रस्ताव येतो आणि त्यावर विचार करण्यास अवधी असतो. रुग्णसेवा समितीला पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत बसावे लागते, कारण बालक अतिदक्षता विभागात असते आणि निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच ठरतो.

बालरुग्णांच्या बाबतीतील वेगळेपण

प्रौढांच्या वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाच्या स्वायत्ततेला मध्यवर्ती स्थान आहे. शुद्ध हरपलेल्या प्रौढ रुग्णाच्या बाबतीतही त्याची पूर्वीची मते, श्रद्धा आणि जीवनपद्धती यांवरून त्याची इच्छा काय असती याचा अंदाज बांधता येतो. तान्ह्या बालकाच्या बाबतीत असा पूर्वेतिहास उपलब्ध नसतो. त्यामुळे ‘त्याला काय हवे होते’ याऐवजी ‘त्याच्यासाठी काय हितकर आहे’ असा प्रश्न विचारावा लागतो.

पालकांना निर्णयाचा अधिकार देण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. पालकांना आपल्या अपत्याचे हित इतरांपेक्षा अधिक जिव्हाळ्याचे असते, आणि निर्णयाचे दीर्घकालीन परिणाम कुटुंबालाच पेलावे लागतात. तथापि हा अधिकार अमर्याद नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली प्रिन्स विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात असे मत नोंदवले, की आई-वडील स्वतः हौतात्म्य पत्करण्यास मोकळे असले, तरी आपल्या मुलांना ते पत्करायला लावण्यास मोकळे नाहीत. हा खटला मुळात बालमजुरीविषयक होता. पुढे धार्मिक कारणावरून मुलांना रक्त देण्यास पालकांनी नकार दिल्याच्या प्रकरणांत त्याचा आधार वारंवार घेतला गेला.

बालक मोठे होत जाते, हेही एक वेगळेपण आहे. पाच वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाची समज सारखी नसते. म्हणून पालकांची परवानगी घेताना बालकाचा वयानुरूप होकारही घ्यावा, हे तत्त्व अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९५ च्या धोरणात मांडले. इंग्लंडमध्ये १९८५ सालच्या गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ वर्षांखालील मुलाला प्रस्तावित उपचार पुरेसा समजत असल्यास तो स्वतः संमती देऊ शकतो, असे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद ३ बालकाच्या सर्वोत्तम हिताला आणि अनुच्छेद १२ बालकाचे म्हणणे ऐकले जाण्याच्या हक्काला मान्यता देतो. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली.

इतिहास

आरंभीच्या समित्या

रुग्णांविषयी निर्णय घेण्यासाठी डॉक्टरेतरांचा समावेश असलेली समिती नेमण्याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथील कृत्रिम मूत्रपिंड केंद्रात यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ होते. कोणाला डायलिसिस द्यावे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमण्यात आली. १९६२ साली ‘लाइफ’ नियतकालिकातील लेखामुळे तिचे कामकाज जगापुढे आले आणि रुग्णाची सामाजिक पत, व्यवसाय व चर्चमधील सहभाग यांवरून जीवनाचे मोल ठरवले जाते, अशी तिच्यावर टीका झाली. निकष स्पष्ट नसतील तर समितीही पूर्वग्रहांपासून मुक्त राहत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

नवजात अतिदक्षता विभागांचा उदय

१९६० व १९७० च्या दशकांत नवजात अर्भकांसाठी अतिदक्षता विभाग सुरू झाले. कृत्रिम श्वसन, शिरेवाटे पोषण आणि नवजात शस्त्रक्रिया यांमुळे पूर्वी दगावणारी बालके वाचू लागली. मात्र काही बालकांचे मरण लांबणे एवढाच परिणाम उरू लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये रेमंड डफ आणि ए. जी. एम. कॅम्पबेल या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये येल-न्यू हेवन रुग्णालयातील अनुभव प्रसिद्ध केला. अडीच वर्षांत तेथील विशेष नवजात कक्षात झालेल्या २९९ मृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार न देण्याच्या किंवा थांबवण्याच्या निर्णयाशी निगडित होते. असे निर्णय सर्वत्र होत असले, तरी त्यांविषयी उघडपणे बोलले जात नसे. या लेखामुळे ते मौन सुटले.

१९७६ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन अ‍ॅन क्विन्लन या तरुणीच्या खटल्यात कृत्रिम श्वसनयंत्र काढण्याविषयी निर्णय देताना रुग्णालयातील नैतिकता समितीचा सल्ला घ्यावा, असे सुचवले. त्यानंतर अमेरिकेतील रुग्णालयांत अशा समित्यांची चर्चा वाढली.

बेबी डो प्रकरण

बालरुग्णालयांतील समित्यांना खरी चालना मिळाली ती ‘बेबी डो’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणामुळे. ९ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. अन्ननलिकेचा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्याजोगा होता. परंतु प्रसूतितज्ज्ञाच्या सल्ल्यानंतर आई-वडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली. बालरोगतज्ज्ञांचे मत वेगळे होते. प्रकरण न्यायालयात गेले, पण राज्यातील न्यायालयांनी पालकांच्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. १५ एप्रिल रोजी बालक मरण पावले.

या घटनेवर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. तोंडाने अन्न घेऊ न शकणाऱ्या, पण डाउन सिंड्रोम नसलेल्या अर्भकावर तीच शस्त्रक्रिया निःशंकपणे झाली असती. म्हणजे उपचार नाकारण्याचे खरे कारण बौद्धिक अपंगत्व हे होते, असा आक्षेप अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी घेतला. रेगन प्रशासनाने १९८३ साली नियम काढून रुग्णालयांच्या नवजात कक्षांत सूचनाफलक लावण्याची आणि तक्रारींसाठी निःशुल्क दूरध्वनीची व्यवस्था केली. तक्रार येताच तपासणी पथके रुग्णालयात पोहोचू लागली. डॉक्टरांच्या संघटनांनी या नियमांना न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल १९८३ मध्ये पहिला नियम रद्द झाला.

बाहेरून येणाऱ्या तपासणी पथकाऐवजी रुग्णालयातच विविध क्षेत्रांतील व्यक्तींची समिती असावी, असा पर्याय अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने पुढे केला. मार्च १९८३ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्रविषयक राष्ट्राध्यक्षीय आयोगानेही जीवनरक्षक उपचारांवरील आपल्या अहवालात अंतर्गत पुनरावलोकनाची शिफारस केली होती. जानेवारी १९८४ च्या सुधारित नियमांत ‘अर्भक उपचार पुनरावलोकन समिती’ नेमण्यास प्रोत्साहन देण्यात आले. १९८६ साली बोवेन विरुद्ध अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वविषयक कायद्यावर आधारलेले हे नियम रद्द ठरवले. तोवर १९८४ च्या बालअत्याचार प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्तीने वेगळी चौकट तयार केली होती. तिच्यानुसार बालक कायमचे बेशुद्धावस्थेत असेल, उपचारांनी केवळ मरण लांबणार असेल, किंवा उपचार जवळजवळ निष्फळ आणि अमानुष ठरणार असतील, अशा स्थितींचा अपवाद वगळता उपचार रोखणे ही वैद्यकीय हेळसांड मानली जाते.

नियम रद्द झाले तरी समित्या राहिल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने नैतिक प्रश्न हाताळण्याची निश्चित यंत्रणा असणे आवश्यक केले आणि समित्यांचा प्रसार झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००१ व २०१९ साली या समित्यांसाठी मार्गदर्शक धोरणे प्रसिद्ध केली.

रचना

समितीची रचना देशानुसार व रुग्णालयानुसार बदलते. बालरुग्णालयांच्या समितीत साधारणपणे पुढील व्यक्तींचा समावेश असतो:

• बालरोगतज्ज्ञ, नवजातशिशुतज्ज्ञ आणि बालशल्यविशारद
• अतिदक्षता विभागातील परिचारिका
• वैद्यकीय समाजसेवक व बालमानसतज्ज्ञ
• उपशामक सेवेतील तज्ज्ञ
• कायद्याचे व नीतिशास्त्राचे जाणकार
• रुग्णालयाच्या सेवेत नसलेले सामान्य नागरिक
• काही ठिकाणी दीर्घ आजारी किंवा अपंग मुलांचे पालक, तसेच धर्मविषयक समुपदेशक

परिचारिकांचा सहभाग विशेष महत्त्वाचा मानला जातो. बालकाला किती वेदना होतात, ते कोणाला प्रतिसाद देते, आई-वडील रात्री काय विचारतात, हे त्यांना अधिक जवळून दिसते. बाहेरील सदस्यांमुळे रुग्णालयाच्या सोयीपेक्षा वेगळा विचार मांडला जातो. चर्चेतील रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या सदस्याने माहिती द्यावी, पण मत ठरवताना बाजूला राहावे, असा संकेत आहे.

कार्ये

नैतिकता समितीची कार्ये ढोबळमानाने तीन आहेत.

सल्लामसलत – विशिष्ट बालकाच्या उपचारांतील पेचावर मत देणे. हे काम पूर्ण समिती, दोन-तीन सदस्यांचा गट किंवा प्रशिक्षित सल्लागार करतो.

धोरणनिर्मिती – हृदयक्रिया पुनरुज्जीवन न करण्याचा निर्णय, मेंदूमृत्यूची घोषणा, वेदनाशमन, मुलांना आजाराची माहिती देणे अशा विषयांवर रुग्णालयाची कार्यपद्धती ठरवण्यास साहाय्य करणे.

शिक्षण – निवासी डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारी यांना नीतिशास्त्राचे प्रशिक्षण देणे आणि झालेल्या प्रकरणांचा मागाहून आढावा घेणे.

यांशिवाय समितीचा एक अप्रत्यक्ष उपयोग होतो. बालकाच्या हिताचे नाही असे मनोमन वाटत असताना उपचार करत राहावे लागणे, यातून कर्मचाऱ्यांवर मोठा ताण येतो. कनिष्ठ डॉक्टर किंवा परिचारिका हा प्रश्न वरिष्ठांपुढे मांडू शकत नसतील, तर समिती त्यांना तो मांडण्याची जागा देते.

सल्लामसलतीची पद्धत

बहुतेक मार्गदर्शक धोरणांनुसार डॉक्टर, परिचारिका, पालक किंवा समजत्या वयाचे बालक यांपैकी कोणीही समितीकडे विनंती करू शकतो. त्यानंतर साधारणतः पुढील क्रम पाळला जातो.

प्रथम वैद्यकीय वस्तुस्थिती निश्चित केली जाते. निदान काय, उपचारांचे पर्याय कोणते, प्रत्येक पर्यायातील यशाची शक्यता आणि वेदना किती, हे स्पष्ट करून घेतले जाते. नैतिक वाटणारे कित्येक वाद प्रत्यक्षात अपुऱ्या माहितीतून किंवा वेगवेगळ्या डॉक्टरांनी पालकांना वेगवेगळे सांगितल्यामुळे निर्माण झालेले असतात. ते याच टप्प्यावर मिटतात. त्यानंतर पालकांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले जाते. समजत्या वयाच्या मुलाशी बालमानसतज्ज्ञ किंवा समाजसेवकामार्फत बोलले जाते. मग मतभेद नेमका कशाविषयी आहे याची मांडणी करून नैतिकदृष्ट्या ग्राह्य पर्याय कोणते आणि अग्राह्य कोणते, हे समिती सांगते. चर्चेचा सारांश व कारणे रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवली जातात.

अनेकदा समिती एकच उत्तर देत नाही. निश्चित मुदतीपुरते उपचार चालू ठेवून मग पुन्हा आढावा घ्यावा, अशी शिफारस नवजात अर्भकांच्या बाबतीत विशेष उपयुक्त ठरते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या अकाली जन्मलेल्या बाळाचे भवितव्य पहिल्या दिवशी सांगता येत नाही. काही दिवसांनी चित्र अधिक स्पष्ट होते. सुरू केलेले उपचार नंतर थांबवणे आणि मुळातच सुरू न करणे यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही, असे बहुतेक नीतितज्ज्ञ मानतात. तरीही चालू यंत्र बंद करणे पालकांना व डॉक्टरांना अधिक जड जाते, ही वस्तुस्थिती समितीला लक्षात घ्यावी लागते.

निर्णयाचे निकष

सर्वोत्तम हित – उपलब्ध पर्यायांपैकी बालकाला अधिकात अधिक लाभ आणि कमीत कमी क्लेश देणारा पर्याय निवडावा, असा हा निकष आहे. त्यात आयुर्मानाबरोबर वेदना, आप्तांशी नाते जुळण्याची क्षमता आणि उपचारांचा जाच यांचाही विचार होतो. ‘सर्वोत्तम’ म्हणजे काय याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात, ही त्याची अडचण आहे.

हानितत्त्व – सिअ‍ॅटल येथील बालरोगतज्ज्ञ व नीतितज्ज्ञ डग्लस डीकेमा यांनी २००४ साली मांडलेल्या या विचारानुसार पालकांचा निर्णय सर्वोत्तम आहे की नाही हा हस्तक्षेपाचा निकष असू नये. त्या निर्णयामुळे बालकाला गंभीर हानी होण्याचा ठळक धोका असेल, आणि हस्तक्षेपाने तो टळणार असेल, तरच पालकांचा निर्णय बाजूला सारण्यासाठी शासनाची मदत घ्यावी.

बालकाचा होकार – बालकाला त्याच्या समजुतीच्या पातळीवर माहिती देणे, त्याचे म्हणणे ऐकणे आणि शक्य तेवढे मानणे. मात्र ज्या उपचाराला नकार चालणारच नाही, त्यासाठी होकार विचारण्याचा देखावा करू नये. उपचार का करावा लागणार हे प्रामाणिकपणे सांगावे, असे अभ्यासक सांगतात.

न्याय – बालकाचे अपंगत्व, लिंग, जात, धर्म किंवा कुटुंबाची आर्थिक स्थिती यांवरून उपचारांत भेद होऊ नये. बेबी डो प्रकरणापासून हा निकष बालरुग्णसेवेत विशेष जागरूकपणे तपासला जातो.

समितीपुढे येणारे प्रमुख प्रश्न

जीवनरक्षक उपचार थांबवणे हा सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न आहे. त्यात दोन्ही बाजूंचे मतभेद आढळतात: काही वेळा डॉक्टरांना उपचार निष्फळ वाटतात आणि पालकांना ते चालू हवे असतात, काही वेळा पालक थांबू इच्छितात आणि डॉक्टरांना आशा असते. उपचार थांबवणे म्हणजे सेवा थांबवणे नव्हे, हे स्पष्ट करणे समितीचे कर्तव्य ठरते. वेदनाशमन, ऊब, स्पर्श आणि आई-वडिलांचा सहवास हे शेवटपर्यंत चालू राहतात.

उपचारांस नकार हा दुसरा प्रश्न. बऱ्या होण्याजोग्या कर्करोगावर केमोथेरपी न देता अन्य उपायांचा आग्रह धरणे, धार्मिक कारणाने रक्त नाकारणे, ही त्याची नेहमीची रूपे आहेत.

माहिती सांगण्याचा प्रश्न कुटुंबप्रधान समाजांत वारंवार उद्भवतो. ‘त्याला काही सांगू नका’ ही पालकांची विनंती मायेपोटी असते. परंतु बारा-तेरा वर्षांचे मूल शेजारच्या खाटांवरील मुलांकडून बरेच काही ताडते आणि मग त्याला ते एकट्याने सोसावे लागते. समिती अशा वेळी पालकांना साथ देत हळूहळू सत्य सांगण्याची वाट सुचवते.

अपरिवर्तनीय शस्त्रक्रिया हा आणखी एक विषय आहे. जन्मतः लैंगिक वैशिष्ट्ये स्पष्टपणे स्त्री वा पुरुष नसलेल्या बालकांवर केवळ रूप ‘सुधारण्यासाठी’ शस्त्रक्रिया करावी काय, याविषयी २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला आणि त्यानंतर तमिळनाडू सरकारने जीवाला धोका असल्याखेरीज अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

मर्यादित साधनांचे वाटप हाही कठीण प्रश्न आहे. अतिदक्षता विभागातील एकच खाट कोणाला द्यावी, अतिमहाग औषधासाठी कोणाची शिफारस करावी, हे ठरवताना आधी जाहीर केलेले व सर्वांना समान लागू होणारे निकष असावेत, असा आग्रह धरला जातो.

भारतातील स्थिती

भारतात संशोधनासाठीच्या नैतिकता समित्या कायद्याच्या चौकटीत आहेत. नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ यांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांपैकी निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत आणि एक सामान्य नागरिक, एक महिला व एक कायदेतज्ज्ञ यांचा समावेश असावा, अशी तरतूद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली बालकांवरील संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलांचा लेखी होकार पालकांच्या संमतीबरोबर घेणे अपेक्षित आहे.

या काटेकोरपणाला अनुभवाची पार्श्वभूमी आहे. २००९ साली आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींवर राबवलेल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक टीका केली.

रुग्णसेवेतील नैतिकता समित्यांसाठी मात्र अशी सर्वसाधारण कायदेशीर सक्ती नाही. काही मोठ्या रुग्णालयांत त्या आहेत. बहुसंख्य ठिकाणी असे प्रश्न विभागप्रमुख, उपचार करणारे डॉक्टर आणि कुटुंबातील वडीलधारी मंडळी यांच्या चर्चेतून सुटतात किंवा अनिर्णित राहतात. म्हणजे औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या बालकासाठी जी त्रयस्थ नजर कायद्याने आवश्यक आहे, ती त्याच रुग्णालयातील शेजारच्या खाटेवर जीवन-मरणाच्या सीमेवर असलेल्या बालकासाठी उपलब्ध असेलच असे नाही.

संमतीविषयीचा कायदाही विखुरलेला आहे. सज्ञानतेचे वय १८ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८९) बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालकांच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. बालकाची हेळसांड होत असल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये बाल कल्याण समितीकडे जाता येते, तसेच उच्च न्यायालय पालकाच्या भूमिकेतून आदेश देऊ शकते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेथे नैतिकता समितीच्या सल्ल्याची वाट पाहण्यास वाव नाही.

जीवनरक्षक उपचार थांबवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात दिलेला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सुलभ केलेला निर्णय हा मुख्य आधार आहे. त्यात प्राथमिक व दुय्यम वैद्यकीय मंडळांची पद्धत सांगितली आहे. मात्र ही मंडळे डॉक्टरांची असतात. परिचारिका, समाजसेवक वा सामान्य नागरिक यांना त्यांत स्थान नाही. पूर्वेच्छापत्र करण्याचा अधिकारही केवळ सज्ञान व्यक्तीला आहे. बालकांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१७ साली अंतसमयीच्या सेवेविषयी सहमतिपत्र प्रसिद्ध केले, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली.

भारतातील बालरुग्णांच्या प्रश्नांना खर्चाची बाजू अटळपणे जोडलेली असते. उपचारांचा मोठा भाग कुटुंबाच्या खिशातून होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बालकाला घरी नेणारे पालक उपचार ‘नाकारत’ असतात की त्यांना ते परवडत नसतात, हा फरक कागदावरील सहीतून कळत नाही. पहिल्या बाबतीत बालहक्काचा, तर दुसऱ्या बाबतीत सामाजिक न्यायाचा प्रश्न असतो आणि उपायही वेगळे असतात: एकात समुपदेशन वा कायदा, दुसऱ्यात शासकीय योजना, धर्मादाय निधी किंवा निदान घरी वेदनाशमनाची सोय. मुलीला लवकर घरी नेण्याकडे कल असल्यास तेथे लिंगभावाचा प्रश्नही तपासावा लागतो. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या निवडक उत्कृष्टता केंद्रांत प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आजन्म औषध लागणाऱ्या आजारांत ही रक्कम संपल्यावर पुढे काय, हा पेच डॉक्टरांपुढे व कुटुंबांपुढे उभा राहतो.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या भारतीय चर्चेत मुंबईचे विशेष स्थान आहे. फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी या संस्थेचे १९९३ पासून निघणारे नियतकालिक ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे या विषयाचे प्रमुख व्यासपीठ आहे.

मर्यादा व टीका

समितीचे मत सर्वमान्य होतेच असे नाही. १९९२ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मेंदूचा मोठा भाग नसलेले एक बालक जन्मले. ‘बेबी के’ या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. कृत्रिम श्वसन चालू ठेवू नये, असे रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या उपगटाचे मत होते, तर आईला ते हवे होते. १९९४ साली न्यायालयाने तातडीच्या उपचारांच्या कायद्याचा आधार घेऊन आईच्या बाजूने निकाल दिला.

समिती स्वतः चुकू शकते, हे सिअ‍ॅटलमधील ‘अ‍ॅशली उपचार’ प्रकरणात दिसले. २००४ साली तीव्र बौद्धिक व शारीरिक अपंगत्व असलेल्या सहा वर्षांच्या मुलीची वाढ संप्रेरकांनी रोखण्यास आणि तिचे गर्भाशय काढण्यास पालकांच्या विनंतीवरून समितीने अनुकूलता दर्शवली. २००६ साली हे प्रसिद्ध झाल्यावर जगभर वाद झाला. २००७ च्या चौकशीत न्यायालयाच्या आदेशाविना गर्भाशय काढणे राज्याच्या कायद्याविरुद्ध असल्याचे स्पष्ट झाले आणि रुग्णालयाने ती चूक मान्य केली. अपंग व्यक्तींचा दृष्टिकोन समितीत प्रतिबिंबित व्हावा, ही मागणी त्यानंतर बळावली.

इंग्लंडमध्ये २०१७ सालच्या चार्ली गार्ड प्रकरणात अखेरचा निर्णय न्यायालयाने दिला. २०२० साली तेथील उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी रुग्णालयाच्या नैतिकता समितीने कुटुंबाला सहभागी न करता चर्चा करणे हाच एक नैतिक प्रश्न असल्याची टिप्पणी केली.

याशिवाय समितीतील बहुसंख्य सदस्य रुग्णालयाचे नोकर असल्याने ती संस्थेच्या बचावाचे साधन बनू शकते, वरिष्ठ डॉक्टरांच्या मताला इतर सदस्य दबू शकतात, आणि उच्चशिक्षितांच्या भाषेत चालणाऱ्या बैठकीत ग्रामीण वा निरक्षर पालक गप्प होतात, असे आक्षेप घेतले जातात. पालकांच्या भाषेत संवाद, त्यांच्या सोबतीला विश्वासातील व्यक्ती, बाहेरील सदस्यांचे पुरेसे प्रमाण, कारणांसह लेखी मत आणि निर्णयांचा नियमित आढावा, हे त्यावरचे उपाय सुचवले जातात. समितीपुढे बालक क्वचितच उपस्थित असते. म्हणून काही समित्यांत एका सदस्याकडे केवळ बालकाची बाजू मांडण्याचे काम सोपवले जाते. १९८४ च्या अमेरिकी नियमांतील आदर्श समितीतही अशा ‘विशेष प्रतिनिधी’ची कल्पना होती.